स्वप्नात मिळालेलं काम

"आज पहाटं सपान पडलं" असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. काय दिसलं, आणि किती वाजता? मग अर्थ लावायला सुरुवात होते. साप दिसला तर पैसा येणार किंवा घरात पाळणा हलणार. दात पडलेला दिसला तर घरातलं कुणी तरी जाणार. लग्नाचा मांडव दिसला तर वाईट, आणि जिवंत माणूस मेलेला दिसला तर त्याचं आयुष्य वाढलं. जत्रेत मिळणाऱ्या पातळ पुस्तकांत अशा स्वप्नफळांच्या याद्याच छापलेल्या असतात. या सगळ्या अर्थांमागे एकच विचारणा आहे: पुढे काय होणार?

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं, घाटाखालचं गाव. मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघालं की मुंबई-कोलकाता महामार्गावर ते लागतं. पश्चिमेला मुक्ताईनगर, पूर्वेला शेगाव. हा सगळा पट्टा दिंड्यांचा, कार्तिकातल्या काकड्याचा आणि हरिनाम सप्ताहांचा. इथल्या म्हाताऱ्या माणसाला तुकोबांचे अभंग पाठ असले तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. म्हणून स्वप्नांविषयी लिहिताना मी व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडपासून सुरुवात करत नाही. सप्ताहाच्या मांडवात कीर्तनकार जी गोष्ट सांगत आले आहेत, तिच्यापासून करतो. मराठीतली सर्वांत मोठी कविता एका स्वप्नानंतर सुरू झाली, असं ती रचणाऱ्यानेच सांगून ठेवलं आहे. त्या स्वप्नात पुढे काय होणार हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यात एक काम नेमून दिलं होतं.

तुकोबांनी दोन स्वप्नं सांगितली आहेत. पहिलं गुरूचं. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी आपली परंपरा सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं आणि 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला. हे सगळं भारदस्त आहे. पण त्याच अभंगात एक बारीक तपशील आहे आणि माझा सगळा विश्वास त्या तपशिलावर बसतो. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं. कुणी साक्षात्काराची गोष्ट रचून सांगितली असती तर त्यात पावशेर तूप आलं नसतं, आणि शिष्य ते द्यायला विसरला असं तर मुळीच आलं नसतं. खऱ्या स्वप्नांत मात्र असंच होतं. कुणी काही मागतं, आपण आणायला निघतो आणि मधेच भलतंच काही सुरू होतं.

दुसरं स्वप्न नामदेवांचं. नामदेव तुकोबांच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचे. परंपरा म्हणते की त्यांनी शतकोटी अभंग करायचा पण केला होता आणि तो पुरा झाला नव्हता. तुकोबांच्या स्वप्नात ते पांडुरंगाला बरोबर घेऊन आले. त्यांनी झोपेतून जागं केलं आणि कविता करायचं काम सांगितलं. वायफळ बोलू नकोस अशी ताकीदही दिली. विठ्ठलाने थापटून सावध केलं. आकडा सांगितला, आणि शिल्लक राहिलेले अभंग तू पुरे कर असं बजावलं. वाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या स्वप्नात देवसुद्धा मोजमाप आणि शिल्लक घेऊन यावा, हे मला फार खरं वाटतं. ज्याचा दिवस तराजू आणि खतावणी यांत गेला, त्याची रात्र त्याच वस्तूंनी बोलणार.

आता या स्वप्नांच्या आधी काय घडलं ते पाहिलं पाहिजे, कारण सगळा अर्थ त्या क्रमात आहे. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत एका अभंगात सांगितली आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात धंदा बुडाला, पत गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली. लाज वाटू लागली. मग त्यांनी देहूतलं विठ्ठलाचं मोडकळीस आलेलं देऊळ दुरुस्त करायचं मनावर घेतलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला मन अभ्यासात लागत नव्हतं. तेव्हा संतांची वचनं विश्वासाने पाठ केली. दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभं राहून धृपद धरलं. यानंतर गुरूचा स्वप्नातला उपदेश येतो आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. दुष्काळ, देऊळ, पाठांतर, धृपद, स्वप्न, कविता हा क्रम त्यांचा स्वतःचा आहे. कीर्तनांत पुष्कळदा स्वप्नाची गोष्ट रंगवून सांगतात आणि पाठांतराची ओळ चटकन ओलांडून जातात. मला वाटतं थांबायला हवं ते तिथेच.

स्वप्न ही देहूच्या या घराण्याला नवी गोष्टही नव्हती. आठ पिढ्यांपूर्वीचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीची वारी करत. त्यांना स्वप्न पडलं की देव आंब्याच्या वनात आहे, आणि तिथे मूर्ती सापडली, असं संतचरित्रकार महिपतीने तुकोबांच्या चरित्रात लिहिलं आहे. तुकोबांनी दुरुस्त केलेलं देऊळ त्या मूर्तीचंच. म्हणजे देव स्वप्नात येऊन काम सांगतो, ही कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असणार.

झोपेत नेमकं काय चालतं, याचं शास्त्र तसं तरुण आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक अंतराने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. रात्रीच्या पहिल्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि स्वप्नांची झोप थोडी, दहा-एक मिनिटांची. पहाटेकडे हे उलटतं. गाढ झोप जवळजवळ संपते आणि स्वप्नांची झोप लांबत जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात त्याचं मूळ मला इथे दिसतं. पहाटेची स्वप्नं लांब आणि ठसठशीत असतात, त्यांतून माणूस थेट जागा होतो, म्हणून ती आठवतात. रात्री अकराच्या झोपेत पडलेलं स्वप्न कुणाला आठवतं? जे आठवलंच नाही ते खरं ठरलं की खोटं, हे तपासायचा प्रश्नच येत नाही.

या स्वप्नांच्या झोपेत मेंदूचा दृष्टीचा आणि भावनांचा भाग जोरात चालू असतो. कपाळामागचा जो भाग हिशेब ठेवतो, तर्क तपासतो, "हे कसं शक्य आहे?" असं विचारतो, तो मंदावलेला असतो. शिवाय लक्ष आणि आठवण घट्ट करणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन त्या वेळी अगदी कमी झालेलं असतं. म्हणून स्वप्नात मेलेली आजी भाकरी थापत असली तरी आपल्याला नवल वाटत नाही, आणि जागं झाल्यावर पाच मिनिटांत निम्मं स्वप्न निसटतं. पावशेर तूप द्यायचं राहिलं, ते याच कारभारात.

पण हा नुसता गोंधळ नाही. २००० साली हार्वर्डमध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 'टेट्रिस' हा संगणकावरचा खेळ काही दिवस खेळायला लावला. झोप लागता लागता पुष्कळांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यांच्यात स्मृती गमावलेले काही रुग्णही होते. खेळ खेळल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तरी ठोकळे मात्र त्यांतल्या काहींना दिसले. पुढे २०१० साली त्याच गटाने लोकांना चक्रव्यूहासारख्या वाटांतून रस्ता शोधायला शिकवलं आणि मधे दुपारची झोप घेऊ दिली. ज्यांच्या स्वप्नात तो खेळ आला ते नंतर रस्ता शोधण्यात बाकीच्यांपेक्षा कितीतरी सुधारले. अशी माणसं मोजकी होती, पण त्यांची स्वप्नं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. त्यांत रस्त्याची उजळणी नव्हती. कुणाला खेळातलं संगीत ऐकू आलं, कुणाला पूर्वी पाहिलेल्या गुहा दिसल्या. झोपलेला मेंदू नव्या धड्याला जुन्या आठवणींशी जोडत होता.

शिकणं पक्कं होतं ते अशा जोडणीतून. उंदीर दिवसा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर त्याच्या मेंदूतल्या ज्या पेशी पेटल्या त्या तो झोपल्यावर पुन्हा पेटतात, हे १९९४ पासून माहीत आहे. दिवसभरात आलेलं कच्चं धान्य मेंदू रात्री पाखडतो. काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशात काय मिसळायचं ते तेव्हा ठरतं. दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री चहा पाजून जागवणाऱ्या आईबापांना मला हेच सांगायचं आहे. जागरणात वाचलेलं पान रात्री पाखडलं जात नाही. नीट वाचून मग पुरेशी झोप घेतली तर वाचलेलं रात्रभर जागून वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना यातलं बरंच निरीक्षणाने कळलं होतं. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. झोपणारा या जगातलं साहित्य उचलतो, स्वतःच ते मोडतो आणि स्वतःच रथ, घोडे, रस्ते उभे करतो. आधी मोडणं, मग रचणं. आजच्या प्रयोगशाळेतून जे निघालं त्याच्या इतकं जवळचं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. चरकाने तर स्वप्नांचे सात प्रकार केले: पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, मनात मागितलेल्याचं, कल्पिलेल्याचं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यांतले पहिले पाच प्रकार त्याने निष्फळ ठरवले. त्यांतून शकुन काढू नये, असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने सांगितलं. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हणही तेच सांगते.

तरी छुपा अर्थ उरतोच. तो काढायचा कसा? सिग्मंड फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात निघाला, त्यावर साल मात्र १९०० छापलं होतं. दडपलेली इच्छा वेश बदलून स्वप्नात येते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बऱ्याच गोष्टी आज टिकलेल्या नाहीत. पण एक पद्धत टिकण्यासारखी आहे. स्वप्नातल्या एकेका वस्तूबद्दल स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारायचं की तुला यावरून काय आठवतं? साप म्हणजे अमुक, अशी सरसकट यादी लावायची नाही. घाटाखालच्या वावरात रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला लोक रात्री जातात, कारण पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते. हातात बॅटरी, पायाखाली ओला बांध. अशा माणसाच्या स्वप्नातला साप चरकाच्या 'अनुभूत' या खान्यात बसतो. तो धनाचा निरोप घेऊन आलेला नाही. त्याचा अर्थ लावायचा तर विजेच्या वेळापत्रकापर्यंत जावं लागेल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या त्याच्या पुतण्याला तोच साप दिसला तर त्याचा अर्थ निराळा असेल, कदाचित काकाच्या काळजीचा. यादीचं पुस्तक दोघांनाही एकच उत्तर देतं आणि म्हणून दोघांचंही नुकसान करतं.

हीच पद्धत एका स्त्रीच्या स्वप्नाला लावून पाहू.

बहिणाबाई म्हटलं की घाटाखाली आधी आठवतात त्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी. इथे सांगतो आहे ती त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची बहिणाबाई, शिऊरची. जन्म १६२८, वेरूळजवळच्या देवगावात, कुलकर्ण्यांच्या घरी. तीन वर्षांची असताना लग्न झालं, नवरा तीस वर्षांचा बिजवर. भाऊबंदकीच्या भांडणातून कुटुंब घर सोडून निघालं आणि गावोगाव करत कोल्हापूरला पोचलं. तिथे ज्यांच्याकडे बिऱ्हाड होतं त्यांना दानात कपिला गाय मिळाली होती. तिचं वासरू या मुलीला इतकं लागलं की तिच्या हातचंच खाई, कीर्तनालाही तिच्यामागे येई. जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. स्वामींनी वासराच्या आणि तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. गावात त्याची चर्चा झाली आणि नवऱ्याने तिला बेदम मारलं. पुढे वासरू मेलं. ती बेशुद्ध पडली, आणि त्या दिवसांत तुकोबा तिच्या स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवून मंत्र दिला. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, असं तिने सांगितलं आहे. तोवर तिने तुकोबांना कधीही पाहिलेलं नव्हतं.

तिच्या स्वप्नातलं साहित्य कुठून आलं ते उघड आहे. ऐकलेले अभंग होते. डोक्यावरून फिरलेला एक मायेचा हात होता, ज्याच्यासाठी तिला मार बसला होता. वासराचा शोक होता. मन त्याच त्या ओळी घोळवत होतं. चरकाच्या भाषेत श्रुत, अनुभूत आणि प्रार्थित तिन्ही एकत्र आले. पण हे सांगून स्वप्न संपत नाही. साहित्य कुठलं हे कळलं तरी त्यातून तिने काय उभं केलं ते बघायचं राहतं. जिला गुरूच्या दारात पाऊल ठेवायची मुभा नव्हती, जी ब्राह्मणाघरची बायको होती आणि जिचा गुरू कुणबी वाणी होता, तिने जागेपणी परवानगी मागितली असती तर ती कुणी दिली असती? स्वप्नात ती मिळाली, आणि देणारा स्वतः तुकोबा होता. त्यामुळे ती कुणाला काढून घेता आली नाही. नवऱ्याने आकांडतांडव केलं. शूद्राला गुरू करते म्हणून तिला टाकून तीर्थाला जायला निघाला, मग आजारी पडला आणि शेवटी तिला घेऊन देहूला गेला. देहूत मंबाजी नावाच्या गोसाव्याने छळ केला. तरी ती लिहीत राहिली. जन्मावरून ब्राह्मण ठरतो का, असं विचारणारी संस्कृत वज्रसूची तिने मराठीत आणली. स्वतःच्या आयुष्याची हकीकत अभंगांत सांगितली, आणि १७०० साली मृत्यूच्या आधी मुलाला आपले मागचे जन्मही सांगितले. स्त्रीने मराठीत सांगितलेल्या पहिल्या आत्मचरित्रांत ते गणलं जातं. तिच्या स्वप्नाचा छुपा अर्थ मला विचाराल तर तो हा: तू बोलू शकतेस.

तुकोबांच्या स्वप्नाचाही तोच अर्थ आहे. कविता लिहायचा, धर्मावर बोलायचा अधिकार त्यांना त्या काळाने दिला नव्हता. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. अशा माणसाला नामदेव, मराठीचा सर्वांत मोठा नामकीर्तनकार, तोही जातीने शिंपी, येऊन सांगतो की माझं राहिलेलं काम तुझ्याकडे आलं. पाठांतराने शब्द दिले होते, धृपदाने ताल दिला होता. ते वापरायची मुभा स्वप्नाने दिली. सर्जनाची स्फूर्ती म्हणतात तिच्यात नवीन काही सुचण्याइतकाच, आपल्याला हे करायचा हक्क आहे हे आतून कळण्याचा भाग असतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्या भागाविषयी पुष्कळ आहे, दुसऱ्याविषयी फार थोडं. वारकऱ्यांच्या स्वप्नकथांत दुसराच भाग भरलेला आहे.

बाहेरच्या जगातल्या प्रसिद्ध स्वप्नांतही तयारी आधीची असते, फक्त ती सांगितली जात नाही. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला १९२० च्या ईस्टरच्या सुमारास रात्री एक प्रयोग सुचला. नस हृदयाशी विजेने बोलते की रसायनाने, हे ठरवणारा. अर्धवट झोपेत त्याने कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो उठून सरळ प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्यावर सोडताच दुसऱ्याचे ठोकेही मंदावले. १९३६ साली त्याला नोबेल मिळालं. पण ही कल्पना त्याच्या मनात १९०३ पासून होती, सतरा वर्षं. रामानुजन आपली सूत्रं नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात देते असं म्हणत. त्यांनी सोळाव्या वर्षी कार नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं सुमारे पाच हजार सूत्रांचं पुस्तक पाटीवर घोटून काढलं होतं. देवीजवळ बोलायला पुरेशी भाषा त्यांच्याकडे आधीच होती.

झोप आणि जाग यांच्या सीमेवरचा क्षण तर विशेष सुपीक असतो. २०२१ साली पॅरिसमध्ये देल्फीन उदिएत आणि सहकाऱ्यांनी एकशे तीन जणांना गणिताचा एक किचकट सराव दिला. त्यात एक सोपी वाट दडलेली होती, पण ती सांगितली नव्हती. मग वीस मिनिटं हातात पेला देऊन अंधारात बसवलं. डुलकी लागली की पेला पडणार. जे पूर्ण जागे राहिले त्यांतल्या तीस टक्के लोकांना नंतर ती वाट सापडली. ज्यांना हलक्या झोपेची निदान पंधरा सेकंदं मिळाली त्यांतल्या त्र्याऐंशी टक्के लोकांना सापडली. आणि जे त्याहून खोल झोपेत गेले त्यांत फक्त चौदा टक्के. पंधरा सेकंदांची डुलकी कामाची ठरली ती सराव करून बसलेल्यांना. ज्याने तो सराव केलाच नाही त्याला डुलकीने काही दिलं नसतं.

घाटाखालच्या आणि खानदेशातल्या बायकांना ही सीमा फार आधीपासून माहीत होती, असं मला वाटतं. पहाटे, म्हणजे स्वप्नांची झोप सर्वांत दाट असते त्याच वेळी, त्या उठून जात्यावर बसत. एक लय, अंधार, हात आपोआप चालतोय, मन अर्धं झोपेत. ओव्या तिथे सुचत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, यावरून त्या पहाटेंचं पीक कळतं. बहिणाबाई चौधरी लिहू वाचू शकत नव्हत्या. घरातलं आणि शेतातलं काम करताना त्या रचत गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी ते टिपून ठेवलं नसतं तर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापायला हाती काही आलं नसतं. टिपून ठेवण्याला इथे फार महत्त्व आहे. लोवीचा पहिला कागद वाचता आला नाही आणि दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडणं हे नशीब होतं. उशाशी वही ठेवा, डोळे उघडल्यावर कूस न बदलता आठवा, आणि चहाच्या आधी लिहा. झोपण्यापूर्वी एखादा प्रश्न मनात नीट मांडून झोपलं तर आठवडाभरात तो स्वप्नात येण्याची शक्यता चांगली असते. डिअर्ड्र बॅरेट यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं, आणि साधारण निम्म्यांच्या स्वप्नात त्यांचा प्रश्न आला. फक्त तो प्रश्न खरोखर आपला असायला हवा, ज्यावर दिवसा डोकं झिजवलं आहे असा.

तुकोबांनंतर वारकऱ्यांत कामं नेमून देणारी स्वप्नं थांबली नाहीत. तुकोबा १६४९ साली गेले. पिंपळनेरच्या निळोबांनी त्यांना गुरू मानलं ते तुकोबा गेल्यानंतर, त्यांच्या कृपेच्या जोरावर. मग अठराव्या शतकात ताहराबादला महिपती झाला, १७१५ ते १७९० या काळातला. कुलकर्णीपण करणारा ब्राह्मण. त्याच्या स्वप्नात तुकोबा आले आणि संतांची चरित्रं लिहायचं काम सांगून गेले. नामदेवांनी तुकोबांना जे केलं तेच तुकोबांनी महिपतीला केलं, आणि देणारा कुणबी, घेणारा ब्राह्मण अशी ती दिशा होती. महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, १७७४ साली 'भक्तलीलामृत'. नामदेव आणि तुकोबा यांच्याविषयी कीर्तनात आपण जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं त्याच्याकडून आलेलं आहे.

या महिपतीची मला एक गोष्ट फार आवडते. स्वप्नात आज्ञा मिळाली म्हणून तो मनाला येईल ते लिहीत बसला नाही. आधीचे ग्रंथ त्याने मिळवले. उत्तरेकडचे नाभाजी आणि मराठीतले उद्धव चिद्घन यांची नावं घेऊन, मी हे त्यांच्याकडून घेतलं, असं त्याने 'भक्तविजया'त स्वतःच लिहून ठेवलं आहे.